साळिंदरांचे लाल स्वेटर

एका जंगलात, पाणवठ्याच्या वरच्या अंगाला, साळिंदरांचं एक बीळ होतं. कुठलं जंगल ते विचारू नका, बाळांनो. सांगितलं तर तुम्ही तिथे सहल काढाल आणि चिप्सची पाकिटं टाकून याल.

त्या बिळात रूथबाई, त्यांचे यजमान शमुवेलराव, मुलगी एस्तेर आणि धाकटा योना राहायचे. नाताळ आला की रूथबाई रताळ्याचं सारण भरून करंज्या करायच्या. बिळाच्या तोंडाशी कागदी चांदणी टांगायच्या, गवताची गव्हाणी मांडायच्या. संध्याकाळी कोल्ह्यांची मंडळी दारोदार गाणी म्हणत यायची, करंज्या खायची आणि पुढच्या बिळाकडे जायची. झाला नाताळ. सगळे खूश असायचे.

आता, सगळे खूश असले की काहीतरी चुकतंय असं कोणाला ना कोणाला वाटतंच.

एका वर्षी शेजारची लांडोर आली. करंजी खाता खाता म्हणाली, "हे सगळ्यांकडेच असतं हो. तुमच्या घराची म्हणून अशी खास परंपरा कोणती?"

तिच्याकडे होती. तिच्या घरचे सगळे मोर दर नाताळला चांदणीखाली पिसारे पसरून फोटो काढायचे आणि मोबाइलवर अख्ख्या जंगलाला दाखवायचे. ज्यांना बघायचा नसे त्यांनाही.

रूथबाईंना ते फार लागलं. कारणही तसंच होतं. एस्तेरचं लग्न ठरलं होतं. पुढच्या नाताळाला ती नदीपलीकडच्या बिळात असणार. सणाला पोरीचे पाय आपोआप माहेराकडे वळावेत असं आपण तिला काय दिलं? करंज्या? त्या काय, सासरीही होतील. रूथबाई त्या दिवशी पदरात तोंड खुपसून रडल्या. आईचं काळीज ते. त्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं पुढे आहे.

आपण नवीन परंपरा सुरू करायची, असं त्यांनी घरात जाहीर केलं. शमुवेलरावांनी मान डोलावली. लग्न झाल्यापासून ते मान डोलावतच होते. खरं म्हणजे त्या घरातली सर्वांत जुनी परंपरा तीच, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मेंढीकडून लोकर आली. रूथबाईंनी सगळ्यांना एकसारखे लाल स्वेटर विणले. योनाने विचारलं, आई, आपल्या अंगावर काटे आहेत, स्वेटर बसणार कसे? त्यावर त्याला सांगण्यात आलं की लांडोरकाकूंची मुलं असले फाटे फोडत नाहीत.

नाताळच्या संध्याकाळी चौघं स्वेटर घालून चांदणीखाली उभे राहिले. "जवळ या," रूथबाई म्हणाल्या. "अजून जवळ. आपण एक कुटुंब आहोत."

आणि झाले की एक! हिचे काटे त्याच्या स्वेटरात, त्याचे तिच्या. कोणाला सुटता येईना. शमुवेलरावांना करंजी हवी झाली, तर चौघांना ताटापर्यंत जावं लागलं, तेही खेकड्यासारखं आडवं. कोल्हे गायला आले ते हा प्रकार बघून चाल विसरले. आधी योनाला हसू फुटलं, मग शमुवेलरावांना, आणि एस्तेर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचं तोंड आईच्या कानाशीच अडकलं होतं. तिथेच ती म्हणाली, "आई, हे मी कधी विसरणार नाही. पुढच्या वर्षी काहीही झालं तरी येणार."

रूथबाईंनी तेव्हाच ते स्वेटर उसवून चुलीत घातले असते, तर माझी गोष्ट इथे संपली असती आणि तुम्हीही वेळेवर जेवला असता. पण परंपरा म्हटली की ती पुढच्या वर्षीही व्हायला पाहिजे ना!

पुढच्या नाताळाला एस्तेर खरंच आली. नवऱ्याला, तीमथीला, घेऊन आली. रूथबाईंनी जावयाचाही स्वेटर तयार ठेवला होता. नीट अडकावं म्हणून वीण मुद्दाम सैल घेतली होती. कोणी कोणाच्या डावीकडे उभं राहायचं, करंज्यांचं ताट किती लांब ठेवायचं, आधी योनाने हसायचं मग बाकीच्यांनी, सगळं ठरलेलं. दुपारी तालीम झाली. चाल विसरायचं विसरू नका, असं कोल्ह्यांना बजावून झालं. लांडोर मोबाइल घेऊन हजर होती.

जावई बिचारा मर्यादेचा. सासूबाईंना टोचू नयेत म्हणून त्याने काटे अंगाशी चापून बसवले होते. रूथबाई त्याला परत परत सांगत होत्या की जावईबापू, लाजू नका, काटे उभारा.

एस्तेरचं तालमीत लक्ष नव्हतं. ती आईचा हात धरून तिला चुलीपाशी ओढत होती.

"आई, मला एक सांगायचंय. फक्त तुलाच."

"हसून झालं की सांग," रूथबाई म्हणाल्या. "आधी अडक."

एस्तेर अडकली. ठरल्याप्रमाणे हसलीही. पण लांडोरीला ते हसू पसंत पडेना. तिने परत हसायला लावलं, आणि मग आणखी एकदा. कोल्हे कंटाळून करंज्या न खाताच गेले. स्वेटर उसवून मोकळे होईपर्यंत सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली होती. एस्तेर सकाळी सासरी निघाली. सांगायचं ते राहून गेलं. रूथबाईंनी विचारलंही नाही, त्या व्हिडिओ बघत होत्या.

आपण आजी होणार हे त्यांना पुढे लांडोरीच्या मोबाइलवर कळलं. नदीपलीकडच्या मंडळींनी ते सगळ्यांना कळवलं होतं. जिला सगळ्यांत आधी कळायचं होतं तिला ते शेजारणीने दाखवलं, आणि वर अभिनंदनही केलं.

त्यानंतरच्या नाताळाला रूथबाईंनी इवलासा लाल स्वेटर विणला. हातातलं सगळं काम टाकून विणला. सणाच्या तोंडावर एस्तेरचा फोन आला. आवाज अगदी गोड. राग नाही, तक्रार नाही.

"आई, यंदा आम्ही येत नाही गं. बाळाचा पहिला नाताळ आहे. म्हटलं, आपल्या घरात एखादी नवीन परंपरा सुरू करावी."

कसली परंपरा, असं रूथबाईंनी विचारलं. तिघांना एकसारख्या टोप्या शिवायला टाकल्यात, एस्तेर म्हणाली. फोटोवालाही सांगून ठेवलाय.

"छान," रूथबाई म्हणाल्या. फोन ठेवून तो चिमुकला स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या आणि पोटभर रडल्या.

संध्याकाळी लांडोर डोकावली. लेक-जावई कधी येणार म्हणून विचारू लागली. रूथबाईंनी डोळे पुसले, मान ताठ केली आणि म्हणाल्या, "नाही येत यंदा. आमची एस्तेर घरची परंपरा चालवतेय हो."

"नशीबवान आहात," लांडोर म्हणाली.

तात्पर्य: मुलांना घरची परंपरा अवश्य लावावी. म्हणजे मोठेपणी ती सणाला घरी आली नाहीत, तरी संस्कार कमी पडले असं कोणी म्हणू शकत नाही.