आठ दिवसांची रजा

माणसाविषयी लिहायचं तर आधी माणसं कळायला हवीत, आणि मला अजून कॉलेजही धड कळलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तेव्हा लिहिताना काही कमी-जास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण हवालदार तात्यांविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

तात्या कॉम्प्युटरशी बोलायचे. पडद्याजवळ तोंड नेऊन, एकेका चित्रावर बाण ठेवून, दबक्या आवाजात विचारायचे, "तू कोन? तुजी ड्यूटी काय? आन् तुला हितं बोलावलं कुनी?" उत्तर यायचं नाही. मग ते वहीत काहीतरी लिहून पुढच्या चित्राकडे वळायचे.

आमचं कॉलेज कराडचं. त्या वर्षी तिथे सहा नवे कॉम्प्युटर आले आणि लॅब सांभाळायला तात्यांना घेतलं. तात्या मूळचे जत तालुक्यातले. फौजेत त्यांचं सगळं आयुष्य स्टोअरवर गेलेलं. इथली नेमणूक मार्चअखेरपर्यंतच होती. पुढे लॅबला असा माणूस लागतो का ते बघून ठरवू, असं प्राचार्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या कॉम्प्युटरांत न मागता बरीच पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्राम, भरून आली होती. फॅक्स पाठवायचं, जगाच्या नकाशांचं, शुभेच्छापत्रं बनवायचं, पत्त्यांच्या खेळाचं. त्यामुळे मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माणूस कोपऱ्यावर चहा पिऊन येईल. यातलं काय लागतं आणि काय नाही, हे ठरवायची आमच्या सरांना भीती वाटायची. एखादं काढलं आणि मशीनच बंद पडलं तर? त्यांनी ते काम तात्यांवर सोपवलं.

तात्यांनी मला त्यांची पद्धत समजावून सांगितली होती. "मानूस लागतो का न्हाई, हे त्येच्या तोंडाकडं बघून कळत न्हाई गड्या. त्येला रजेवर धाडायचं, आन् मागं कुनी इचारतंय का बघायचं." त्यांनी 'रजा' नावाचा एक फोल्डर केला. एकेक पॅकेज आठ दिवस त्यात जायचं. एकाने जरी चौकशी केली तरी ते परत ड्यूटीवर. कुणीच केली नाही तर कायमचं घरी.

पत्त्यांचा खेळ रजेवर गेला, तेव्हा दुपारपर्यंत अकरा जण विचारून गेले. अकरावे सर होते. तात्यांचे कान लाल झाले, पण नियम तो नियम. खेळ रुजू झाला. फॅक्सला कुणी विचारलं नाही, कारण लॅबला टेलिफोनच नव्हता. प्रिंटरबरोबर आलेल्या पॅकेजने मात्र घोटाळा केला. सात दिवस कुणाला त्याची आठवण नव्हती, आणि आठव्या दिवशी जर्नलं छापायला गेलो तर प्रिंटर मुका. तात्यांनी ते परत जागेवर ठेवलं आणि पडद्यासमोर चष्मा काढून म्हणाले, "चुकलं बाबा. तू गप काम करनारा निगालास."

फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी मला एक कोरी वही दिली. मी उद्यापासून आठ दिवस गावी चाललोय, म्हणाले. माझी चौकशी कोण करतं त्यांची नावं या वहीत लिही. पण आपण होऊन विषय काढायचा नाही, कुणाला विचारायला लावायचं नाही.

मला तेव्हा हसू आलं होतं.

चौथ्या दिवशी ते गेलं, वही कोरीच होती. लॅब छान चालली होती. नको ती पॅकेजेस गेल्यामुळे मशीन झटकन सुरू व्हायची. दाराची किल्ली सरांकडे होती. पत्ते खेळणाऱ्या मुलांना तर तात्या नसल्याचा आनंदच होता. सहाव्या दिवशी मी दोन खोटी नावं लिहिली आणि तो कागद फाडून टाकला. शेवटी वहीत एकच नाव लिहिलं, माझं.

तात्या आले, वही उघडली, त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"तू कुनाला इचारलंस?"

"कुणालाच नाही. मनातल्या मनात विचारत होतो, रोज."

"मनातलं धरत न्हाईत गड्या." त्यांनी वही मिटून माझ्याकडे परत दिली. "गावात तरी काय येगळं. बायकू ग्येली, पोरगं काश्मीरला. कवा आलास म्हनून कुनी इचारलं न्हाई. परत कवा जानार, हे चौगांनी इचारलं."

मुदत वाढवायचा अर्ज त्यांनी केलाच नाही. मार्चअखेर किल्ल्या देऊन गेले.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. नवी मुलं खिशातून फ्लॉप्या घेऊन आली, वाटेल ते मशीनमध्ये भरू लागली. आठवड्याभरात तीन मशीन बंद पडली. कुठलं पॅकेज कामाचं आणि कुठलं उपरं, कुणालाच सांगता येईना. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, आपले तात्या कुठायत?" मी दप्तरातून ती वही काढली आणि सरांचं नाव लिहिलं. मग जो जो विचारेल त्याचं लिहीत गेलो. चौथ्या दिवशी पान भरलं. पत्ते खेळणारेसुद्धा होते त्यात.

ती वही घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण दारातच विसरलो. वही टेबलावर ठेवून उभा राहिलो. त्यांनी सगळी नावं वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"बोलवून घ्या त्यांना," म्हणाले.

तात्यांच्या गावात फोन नव्हता. तिथे मुक्कामाला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ मी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी स्टँडवर थांबलो. गाडी आली. तात्या सामान उतरवायला मागच्या शिडीवरून टपावर चढले, तेवढ्यात ड्रायव्हरने मला बाजूला घेतलं.

"सकाळी टँकरच्या रांगंत हुते," तो म्हणाला. "तुजा निरोप सांगितला. घागर मागच्या बाईच्या हातात दिली आन् घरात ग्येले. म्हटलं, आता सामान भरायला येळ लागंल, म्हनून मी बिडी काढली." त्याने वर टपाकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "पेटवायच्या आत मानूस ट्रंक घिऊन भाईर. भरलेलीच हुती रं."