शब्दाचा जोर आणि गावचे बैल

इंग्रजी शब्दाला भ्यायचं काय! संतराम मास्तरांचं ठाम म्हणणं होतं, लांब शब्द उसासारखा पेरापेरावर मोडावा आणि खावा! सेनगावजवळच्या त्यांच्या शाळेतली पोरं मोडायचीही झकास. घोडं अडायचं ते पुढं. कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा, हे पोरांना उमगेना; आणि खरं सांगायचं तर डिक्शनरीतली खूण पाहिल्याशिवाय मास्तरांनाही उमगत नसे!

उद्या शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार होते. त्यांनी सही केली तर नोकरी कायम, नाही तर घरचा नांगर! पण मास्तरांचं डोकं चाललं. दवंडी देणाऱ्या ग्यानबाला त्यांनी हलगीसकट वर्गात बोलावलं आणि पाच शब्दांचे ठोके घोकून घेतले.

"हलक्या तुकड्याला हळू, जोराच्या तुकड्याला दणका! पोरं बराबर वरडतील."

मास्तरांची बायको शालूबाई म्हणाली, "अवं, साहेब गावात असताना हलगी वाजली की लोकांना काय वाटते? बेगारीला, फुकटात, बैलगाड्या धरून राहिले! समदे पळतील."

"तुला इंग्रजीतलं काय कळते!"

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर इनायतसाहेब आले. आणणारी गाडी त्यांनी शाळेच्या दारातूनच परत पाठवली. म्हणजे परतीची गाडी आता गावानंच द्यायची! पोरांनी सुरुवात केली, "ए-ग्झॅ-मि..." हलगी हळूहळू. "ने!" धाड्! "शन!"

साहेब खूश! "वाह! अब गाडी जोतो, औंढा पहुँचना है. बैठते-बैठते सही कर दूँगा."

मास्तर गाडीसाठी धावले. गावात एक चाक दिसेना! बैल रानात, गडी माळावर, अंगणात नुसते खुंटे!

"ग्यानबा, दवंडी दे! म्हणावं, बेगार न्हाई!"

ग्यानबानं हलगी उचलली. पहिल्याच दणक्याला उरलेले दोन म्हातारेही काठ्या टेकत गावाबाहेर पडले. पुढचं ऐकायला थांबतंय कोण!

साहेबांना मास्तरांच्याच घरी मुक्काम करावा लागला. शालूबाईनं चुलीवर पिठलं टाकलं.

साहेब बाजेवर टेकले. मास्तरांची डिक्शनरी त्यांनी मांडीवर घेतली, सहीचा कोरा कागद तिच्याखाली ठेवला.

"सही सुबह. अब तो फुरसत ही फुरसत है, मास्टर! एक लंबा लफ्ज पूछता हूँ. तोडिए, और जोर कहाँ है, बताइए."

मास्तरांनी आशेनं दाराकडं पाहिलं. पण साहेब मुक्कामाला राहिले म्हटल्यावर, आता आपल्यालाच बेगारीला धरतील या भीतीनं ग्यानबाही हलगीसकट माळावर पळाला होता!