कानाखालचे ठिपके

मॅनेजर तीन जिने चढून वर आला तेव्हा ताई घरात नव्हती, मावशी होती. पुढे जो गोंधळ झाला तो एवढ्यावरूनच झाला.

ताई मातीचे कप घडवायची. विशीतच तिची दृष्टी पूर्ण गेली होती, पण बोटं अशी तयार की कपाच्या काठावर केसाएवढा उंचवटा राहिला तरी ती नाक मुरडायची. कपबश्यांच्या एका मोठ्या कारखान्याने तिच्याशी करार केला होता. तिच्या एका कपावरून कारखान्याने हजारो कप काढायचे आणि खोक्यावर तिचं नाव घालायचं. कपही साधासुधा नव्हता. बूड रुंद होतं, धक्का लागला तरी लवंडू नये म्हणून. कान चांगला मोठा होता, चार बोटं सहज आत जातील असा. सांधे आखडलेल्या माणसालाही तो धरता येई. आणि आतल्या बाजूला, काठापासून दोन बोटं खाली, एक बारीकशी पायरी होती. चहा तिथवर आला की ओतण्याचा आवाज बदलायचा आणि कप भरला हे न बघताच कळायचं.

मॅनेजर कारखान्याची जाहिरात आणि विक्री बघायचा. माणूस सज्जन, पण ताईशी बोलताना त्याचा आवाज आपोआप चढायचा. पहिल्या भेटीत दहा मिनिटं हे सहन करून ताई म्हणाली होती, "साहेब, मला दिसत नाही. ऐकू येतं. तुम्ही असेच बोलत राहिलात तर तेही जाईल."

त्याच भेटीत त्याने जाहिरातीचं एक वाक्य वाचून दाखवलं होतं : 'अंधाराकडून प्रकाशाकडे!'

"मी कप करते हो," ताई म्हणाली, "दिवे नाही."

वाक्य तिथल्या तिथे बाद झालं. तेव्हापासून मॅनेजर दुसऱ्या वाक्याच्या शोधात होता, कारण कारखान्याच्या मालकीणबाई रोज सकाळी विचारत, "काही काळजाला हात घालणारं सापडलं का?" आणि तो रोज सांगे, "शोधतोय, मॅडम."

त्या दिवशी तो नमुन्याचा कप परत द्यायला आला होता. ताईने मापं तपासून तो मंजूर केला होता, काम पुढे सरकणार होतं. ताई भट्टीवर गेली होती. मावशी राहायची खालच्या मजल्यावर, पण दिवसभर असायची वरच. तिने पाहुण्याला बसवलं, चहा टाकला आणि आपल्या खास कपातून त्याच्यापुढे ठेवला. मॅनेजरने कप उचलला तेव्हा कानाच्या खाली त्याच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. बघतो तर बारीक बारीक उठावाचे ठिपके, तीन ओळींत.

"हे काय लिहिलंय हो, मावशी?"

मावशीचा चेहरा खुलला. "ते होय? ती तिची ठिपक्यांची लिपी. 'मावशीला, प्रेमाने.' माझ्या प्रत्येक कपावर काढते. सात वर्षांत बावीस कप दिलेत तिनं मला. खाली कपाटात आहेत, दाखवू?"

मॅनेजरने कप खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. वाक्य सापडलं होतं. त्याने मोबाइलवर ठिपक्यांचे चौदा फोटो काढले, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसाही घेतला.

"ताईंना बोलू नका हं. सरप्राइज आहे."

"माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही," मावशी म्हणाली, आणि खरंच पडला नाही.

कारखान्यात साचे करणारे एक काका होते. तीस वर्षं एकच काम, आणि सांगितलं तेच करायचं ही त्यांची ख्याती. त्यांनी भिंग लावून ठसा तपासला. "साहेब, दुसऱ्या ओळीत हा ठिपका आहे की नुसता मातीचा कण?"

"काका, ती भावना आहे. जशीच्या तशी उतरवा."

काकांनी जशीच्या तशी उतरवली. एकूण चार हजार वेळा.

कप बाजारात आणायचा समारंभ कारखान्याच्या दुकानातच ठेवला होता. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी मुद्दाम उतार बांधला होता आणि तो इतका चकचकीत पॉलिश केला होता, की दोन्ही पाय धड असलेली माणसंसुद्धा कठडा धरून येत होती. ताईच्या सांगण्यावरून अंध मंडळींच्या संघटनेतले बारा जण खास बोलावले होते. कप कसा वाटतो ते त्यांनीच सांगावं, ही तिची अट होती.

पाहुणे यायला अर्धा तास असताना मॅनेजरने ताईला आतल्या खोलीत नेलं. "ताई, हात पुढे करा!"

ताईने कप घेतला. आतल्या पायरीवरून बोट फिरवलं, मान डोलावली. कान धरून बघितला, पुन्हा मान डोलावली. मग बोट कानाखाली गेलं आणि तिथेच थबकलं. ते मागे आलं, परत पहिल्यापासून पुढे सरकलं.

"हे कुणी केलं?"

"आम्ही! सरप्राइज!"

"किती कपांवर?"

"सगळ्या. चार हजार."

ताईने चाचपून खुर्ची ओढली आणि बसली. "आणि काय लिहिलंय म्हणून सांगितलं तुम्हाला?"

"मावशींनीच सांगितलं. 'मावशीला, प्रेमाने.'"

"ते मी मावशीला सांगितलं होतं," ताई हळू आवाजात म्हणाली. "लिहिलंय वेगळं. 'वाकडा झाला. मावशीला देणे.'"

मॅनेजरही बसला. खुर्ची एकच होती, त्यामुळे तो खोक्यावर बसला आणि खोकं दबलं.

"भट्टी आम्ही चौघीजणी मिळून वापरतो," ताई सांगू लागली. "माल भाजून एकत्रच परत येतो. कुठला विकायचा, कुठला नाही, ते कळायला मी ठिपक्यांनी खूण करून ठेवते. बिघडलेले टाकवत नाहीत, म्हणून मावशीला देते. तिनं एकदा विचारलं, हे काय लिहिलंय. आता तोंडावर काय सांगणार? सांगितलं, प्रेमाने. साहेब, मला एका शब्दानं विचारायचं होतं ना तुम्ही."

"विचारलं असतं तर सरप्राइज कसं राहिलं असतं?" मॅनेजर म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. "ताई, बाहेर तर आता बारा जण येतायत. ठिपके वाचणारे."

"माहितीये. आणि पुढच्या रांगेत मावशी बसलीये."

मग मॅनेजरच्या डोक्यात एक युक्ती आली. समारंभाच्या टेबलावर चहा भरलेले कप मांडले होते. त्याने हातरुमालाएवढे कागद आणले आणि बारा कपांना कानापासून बुडापर्यंत गुंडाळून वर रिबिनीची गाठ मारली. "फार गरम आहे," येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला. "काढू नका हं, चटका बसेल."

बारा जणांत एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांनी कागदावरून हात फिरवला आणि शेजाऱ्याला विचारलं, "अहो, इथं सगळ्यांचेच कप बांधून दिलेत, की फक्त आपलेच?"

शेजारचे गृहस्थ डोळस होते. ते म्हणाले, "माझा उघडाच आहे."

"असं का? मग आम्हालाच चटका बसतो वाटतं?"

मॅनेजर धावत गेला आणि त्याने सगळ्यांचे कप गुंडाळायला सुरुवात केली. मावशीचा गुंडाळला. साचेवाल्या काकांचा गुंडाळला. मालकीणबाई भाषणाला उभ्या राहिल्या तर त्यांच्या हातातला कपही ओढून गुंडाळला. "हे काय?" म्हणत त्यांनी भर सभेत त्यावरचा कागद काढून टाकला.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "या कपाच्या कानाखाली दोन शब्द आहेत. पहिल्यांदा त्यांचा अर्थ कळला, तेव्हा माझा कंठ दाटून आला होता. मी सांगण्यापेक्षा, आपल्यापैकीच कुणीतरी ते वाचून दाखवावेत."

"मॅडम, चहा निवतोय," मॅनेजर खालून म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

ऑपरेटरांनी रिबीन सोडली. कागद काढला. बोट फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. "नक्की वाचू?"

"अगदी मोठ्यानं!"

पस्तीस वर्षं लोकांना दूरदूरचे फोन जोडून दिलेला तो आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत एकेक अक्षर सुटं सुटं पोचलं : "वाकडा झाला. मावशीला देणे."

मग बाकीच्या अकरा जणांच्या रिबिनी एकदम सुटल्या. "माझ्यावर पण तेच आहे!" "माझाही वाकडाच!" "अहो, पण मला मावशीच नाही!" एकजण हसायला लागला आणि मग ते हसू रांगेतून असं पसरलं की मालकीणबाई माइक हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

पुढच्या रांगेत मावशी उठून उभी राहिली. हसू हळूहळू थांबलं.

"म्हणजे ते 'प्रेमाने' वगैरे काही नाही?"

ताई आपली आपण आवाजाच्या दिशेने पुढे आली. "नाही गं, मावशी."

"बावीसच्या बावीस कपांवर हेच लिहिलंय?"

"नाही. एकावर 'गळतो' असं आहे."

"तो माहितीये मला."

"मावशी, चुकलं माझं. वाईट वाटेल तुला, म्हणून खोटं बोलले. सारखी वाकडा कप झाला की तुलाच—"

"थांब." मावशीने हात वर केला, मग हात दिसणार नाही हे लक्षात येऊन परत म्हणाली, "थांब जरा. ते वाकडे आहेत हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"दर वेळेला?"

"माझ्या हाताला कळतं ना गं."

मावशी मटकन खाली बसली आणि तितक्याच वेगाने परत उठली. "अगं, आणि मला डोळे आहेत! पहिल्या दिवसापासून दिसतंय मला! म्हटलं, पोरीला दिसत नाही, तिला वाटतंय चांगला झालाय, कशाला तिचं मन मोडा? सात वर्षं, सात वर्षं मी मान तिरकी करून चहा पितेय! शेजारीण विचारते तर सांगते, नवीन फॅशन आहे! मान आखडली म्हणून डॉक्टरकडे गेले, त्यालासुद्धा खरं कारण सांगितलं नाही!"

पलीकडच्या रांगेत कुणाला तरी चहाचा ठसका लागला.

ताई मात्र हसत नव्हती. "म्हणजे कप हातात घेऊन तू 'किती छान झालाय गं' म्हणायचीस, ते…"

"खोटं."

"आणि जे चांगले व्हायचे, ते बघून तू कधी काहीच बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?" मावशी जरा वैतागूनच म्हणाली. "चांगला तो चांगला. दिसतोच."

ताई तशीच उभी राहिली. गेल्या सात वर्षांतले मावशीचे सगळे गप्प बसलेले क्षण ती बहुधा एकामागून एक आठवत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मावशीला वाटलं, पोरगी रडतेय, म्हणून ती घाईने पुढे गेली. तिने खांद्याला धरल्यावर कळलं की ताई हसतेय, इतकी की तिला श्वास घेता येत नव्हता. मग मावशीही हसली. दोघींनी एकमेकींना दोन-दोन धपाटे घातले आणि प्रकरण मिटलं.

मालकीणबाईंचं मात्र मिटलं नव्हतं. "चारही हजार कप गोदामात टाका," त्यांनी मॅनेजरला बजावलं, "आणि उद्या सकाळी मला भेटा."

पण गोदामात टाकायला कप हातात यायला हवेत. ऑपरेटरांनी आपला कप सोडायला साफ नकार दिला. वर आणखी तीन मागितले, कारण त्यांना तीन मावश्या होत्या. बाकीच्या अकरांनीही खोकी उचलली. "पायरी उत्तम आहे," त्यांनी सांगितलं, "आणि मजकूर त्याहून उत्तम." दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंना भेटायला मॅनेजर वेळेवर पोचला, पण त्यांच्या दारात गिऱ्हाइकं उभी होती. महिन्याभरात चारही हजार कप संपले.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या.

'कपावर वाकडा असं लिहिलं आहे, प्रत्यक्षात कप पूर्णपणे सरळ निघाला,' एका बाईंनी कळवलं होतं. 'आम्ही टेबलावर ठेवून सर्व बाजूंनी पाहिला. मावशी फार नाराज झाल्या.' अशी एकशे सहा पत्रं आली. मालकीणबाईंनी ती मॅनेजरपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "जा. आता वाकडाच कप हवाय. ताईंच्या पाया पडा, काय करायचं ते करा."

ताईने पायाबिया पडू दिलं नाही. तिने करार नव्याने करून घेतला. वाकडा कप ती काकांकडून करवून घेईल, पण कारखान्याच्या कुठल्याही वस्तूवर ठिपके उमटण्याआधी ते संघटनेतल्या दोघांनी वाचायचे. खोक्यावरचं तिचं नाव ठिपक्यांतही यायला हवं. आणि तिला कुणीही, कधीही सरप्राइज द्यायचं नाही. मॅनेजरने सगळं मान्य केलं. साध्या आवाजात.

खरी अडचण काकांची झाली. तीस वर्षांत त्यांच्या हातून वाकडा साचा एकदाही झाला नव्हता. ताई कारखान्यात येऊन त्यांच्याशेजारी बसायची आणि बोट फिरवून सांगायची, "अजून थोडा डावीकडे, काका."

"ताई, याहून डावीकडे माझा हातच जात नाही."

"जाईल. पट्टी बाजूला ठेवा आधी."

काका पट्टी बाजूला ठेवत, कप वाकवत, आणि शेवटच्या क्षणी त्यांचा अंगठा आपोआप तो सरळ करून टाकत असे. कारखान्याच्या मागे बाद मालाचा ढीग वाढत गेला. काका संध्याकाळी घरी निघताना त्या ढिगाजवळ जरा थांबत, मग एक कप उचलून रुमालाने पुसत आणि पिशवीत टाकत. अशा सहा कपांनी घरातली फळी भरल्यावर बायकोने विचारलं, "इतके सुरेख कप तुम्हाला असे फुकट कोण देतं?"

"टाकाऊ आहेत गं," काका खाली मान घालून म्हणाले. "सरळ झालेत."