हातभर रोडगा

नवस बोलताना जीभ सैल सुटते आणि फेडताना कंबर मोडते, हे बेबीताईंना परातीसमोर बसल्यावर कळलं. त्यांचा अमर दहावीच्या गणितात दोनदा आपटला होता. तिसऱ्या खेपेला त्या गावाच्या वेशीवरच्या मारोतीसमोर हात जोडून म्हणाल्या होत्या, "मारोतीराया, पोरगं गणितात निघू दे. तुले हातभर रोडगा वाहीन." पोरगं निघालं. काठावर का होईना, पण निघालं. आता यवतमाळच्या आयटीआयत त्याला जागा मिळाली होती आणि उद्या सकाळी हजर झाला नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. बेबीताईंनी मात्र घरात जाहीर केलं होतं की नवस फिटल्याशिवाय अमर वेस ओलांडणार नाही. अमरची बॅग भरून दारात उभी होती.

निखाऱ्यांत भाजायचा कणकेचा गोळा, तो घरचा रोडगा चार बोटं उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, चोवीस बोटं. "म्हणजे सहापट," बेबीताई म्हणाल्या आणि सहा रोडग्यांची कणीक मळून त्यांनी एक गोळा वळला. बोटं लावून पाहिली. जेमतेम सात भरली.

"तुमी मोजा बरं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

घनश्यामरावांनी मोजलं. त्यांची बोटं जाड, त्यामुळे सहाच भरली. ते म्हणाले, "लांबट कर न त्याले, वरवंट्यावानी. हातभर झाल्याशी मतलब."

"रोडगा गोल असते. वरवंटा बोलली असती त वरवंटा केला असता. देवासंगं वकिली करता काय?"

बेबीताईंनी पदर खोचला आणि पिठाचा अख्खा डबा उपडा केला. परात पुरेना, तेव्हा नवं घमेलं धुऊन घेतलं. डबा संपल्यावर शेजारच्या नलूकडून पीठ आलं, आणि पिठामागोमाग नलूही आली.

"बेबीताई, घरी लगन आहे काय?"

"नवस आहे. पाणी टाक."

दोघींनी मिळून मळलं, थापलं, वळलं. गोळा बारा बोटांवर आला तेव्हा बेबीताईंचे खांदे भरून आले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं.

"अर्धा झाला," घनश्यामराव म्हणाले. "आता अजून एवढंच पीठ आणलं की झालं."

"नाही होत, बाबा," अंगणातून अमर म्हणाला. त्याने बांधकामाच्या विटा ओढून एक ढीग रचला होता. "हे पाहा. एका विटेची डबल उंचीची, तशीच दिसणारी वीट करायची त दोन लांबीत, दोन रुंदीत, दोन उंचीत. मोजा. आठ लागतात. म्हणजे या गोळ्यासारखे आठ गोळे पाह्यजेत."

नलूने घमेल्याकडे पाहिलं आणि आपल्या घरी आता पीठ उरलेलं नाही, असं आपणहून सांगून टाकलं.

"हे तुले परीक्षेत आलतं काय?" बेबीताईंनी विचारलं.

"आलतं. म्या सोडलतं."

बेबीताईंनी कपाळाला कणकेचा हात लावला. पण हार मानतील तर त्या बेबीताई कसल्या. "हा अर्धा आधी भाजू. हा जमला त बाकीचं पाहू." गोवऱ्यांचा मोठा जाळ झाला, निखारे पडले, गोळा पळसाच्या पानांत गुंडाळून त्यात गेला. उलटवायला बापलेक दोन फावडी घेऊन उभे राहिले. वास छान सुटला, मग जास्तच सुटला. बेबीताईंनी रोडगा बाहेर काढला तर वरून कोळसा. आत उलथन्याचं टोक खुपसलं तर ओली कणीक चिकटून आली.

"अजून भाजून पाहू काय?" घनश्यामरावांनी विचारलं.

"वरून राख होईल, आतून तसाच राहील," अमर म्हणाला. तो पुन्हा विटांजवळ बसून बाहेरून दिसणाऱ्या बाजू मोजत होता. "आठ विटा लागल्या, पण विस्तवाले लागणारी बाजू चारपटच वाढली."

"म्हणजे पोट वाढते, पाठ त्या मानानं नाही वाढत," घनश्यामरावांनी स्वतःकडे पाहत म्हटलं.

कुणी हसलं नाही. बॅग दारातच होती. बेबीताईंना पहिल्यांदाच भीती वाटली, की आपल्या तोंडाच्या वाफेपायी पोराचं वर्ष जातं. नलूने तेवढ्यात आतली कच्ची कणीक उकरून नेहमीएवढे रोडगे वळले आणि त्याच निखाऱ्यांत टाकले. ते मात्र गुमान भाजले. त्यातला एक तुपात बुडवून बेबीताई दिवस मावळायच्या आत मारोतीकडे निघाल्या. मागोमाग बापलेक.

"देवा, चुकली मी," त्या म्हणाल्या. "मोठा होत नाही. तोवर हा ठेवून घे, पण पोराले उद्या जाऊ दे." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी रोडगा मूर्तीच्या हाताशी ठेवला आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

मारोती दीड वितीचा. शेंदराखाली त्याचा हात कोपरापासून बोटांपर्यंत दिसत होता. त्याच्याशेजारी रोडगा बरोबर तेवढाच उंच होता, ना कमी ना जास्त. बेबीताईंनी आपली चार बोटं आधी रोडग्याला लावली, मग मारोतीच्या हाताला. मग सावकाश पदराने डोळे पुसले.

"मी म्हटलतं, हातभर," त्या वळून म्हणाल्या. "कोणाच्या हातानं, हे कुठी म्हटलतं?"

"काहून, मी वरवंटा म्हटलं त वकिली," घनश्यामराव म्हणाले, "अन् हे?"

"हा हिशेब आहे. चला, भाजी थंडी होऊन राह्यली. अमर, सकाळची पह्यली गाडी पकड."

अर्ध्या वाटेपर्यंत अमर उड्या मारतच चालला. मग एकाएकी थबकला. "माय, आता आयटीआयसाठी काही बोलू नको बरं."

"बोलली न मी. निघता निघता."

"काय बोलली?"

"गुडघाभर रोडगा."

बापलेक जागीच उभे राहिले. "कोणाच्या गुडघ्याएवढा?" दोघांनी एकदमच विचारलं.

"त्याच्याच," बेबीताई न थांबता म्हणाल्या. "आता मले गणित येते."