समुद्रातली गल्ली

नळजोडणीच्या नकाशात आपल्या गल्लीतलं एकही घर सुटू नये म्हणून नकाशा विभागातल्या कारकुनाने दारोदार फिरून ठिकाणं टिपली होती. त्याला कारणही तसंच होतं. बायको रोज चौकातल्या टाकीवरून पाणी वाहत होती, आणि यंदा नळ आला नाही तर मी माहेरी जाईन, असं तिने शांतपणे सांगितलं होतं. ती शांतपणे बोलली की त्याचं धाबं दणाणायचं.

फाइल केएमएल नावाच्या संगणकी नकाशा-पद्धतीत करायची होती. ही पद्धत जगाला खुली. एकदा फाइल बनली की कुठल्याही संगणकातल्या नकाशावर ठिपके उमटतात. या पद्धतीचा हट्ट एकच, आधी रेखांश, मग अक्षांश. कारकुनाने शाळेत घोकल्याप्रमाणे आधी अक्षांश लिहिले. बैठकीत फाइल उघडली आणि अख्खी गल्ली भर समुद्रात जाऊन पडली.

चहूकडे एवढं पाणी असताना यांना नळ कशाला, असं कुणीतरी म्हणालं. ते गमतीत असेल, अशी कारकुनाची भाबडी समजूत. साहेबांनी 'नळाची गरज नाही' असा शेरा मारून सही ठोकली.

तो धावतपळत दुरुस्त फाइल घेऊन केबिनमध्ये गेला.

"साहेब, आकडे उलटे पडले. चूक माझीच. घरं जमिनीवरच आहेत."

"असतील हो. पण मंजूर नकाशात ती समुद्रात आहेत."

"मी स्वतः तिथे राहतो, साहेब."

"मग जरा जपून राहा."

मंजूर नकाशा सगळ्या खात्यांना गेला आणि खुल्या पद्धतीचा असल्यामुळे सगळीकडे बिनतक्रार उघडला. नळासाठी वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा आठवड्यात हलली. आपत्ती खात्याने समुद्रात राहणाऱ्या या कुटुंबांना घरटी दोन जीवरक्षक जॅकेटं पाठवली.

बायकोने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग एक जॅकेट त्याच्या अंगावर चढवलं, पट्टे आवळले आणि खांद्यावर हंडा ठेवला.

"टोचत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. मी निघते."

तिची बॅग दाराशी भरलेली होती. ती गेल्यावर तो टाकीवर गेला. रांगेत सगळी गल्ली नारिंगी जॅकेटं घालून उभी होती. पुढच्या म्हाताऱ्याने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि आपला हंडा दुसऱ्या खांद्यावर घेतला.