फाईनने अडवलेला सुदामा

इंग्रजी बोलायला इंग्रजी यावं लागतं, हा लोकांचा गैरसमज आहे! कलकत्त्यात कंपनीत चिकटलो तेव्हा मी एकच विशेषण पदरात बांधून घेतलं, 'फाईन', आणि त्याच्यावर नोकरी सुखात चालली होती. हवा फाईन, तब्येत फाईन, मलमल तलम असली की फाईन, साखर बारीक दळली की तीही फाईन. साहेबाचा कुत्रा फाईन, आणि तो मला चावला तेव्हा पायसुद्धा फाईन! भक्ताला एक नाम पुरतं, मला एक विशेषण.

"नाम घेताना चित्त लागतं हो," माझी बायको श्यामला म्हणायची. "समोरचा काय विचारतोय, ते तरी ऐकता का?"

"ऐकायचं कशाला? उत्तर ठरलेलं आहे ना!"

त्या मार्गशीर्षात दिगंबरबुवा कीर्तनकार काशीहून परतताना कलकत्त्याला उतरणार होते. एक संध्याकाळ मोकळी, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी. कीर्तन म्हटलं की माझा जीव चिपळीसारखा वाजायला लागतो! पण बालीगंजच्या आमच्या दोन खोल्यांत सारी मराठी मंडळी मावणार कशी? आमच्या मंडळाचे चिटणीस सदाशिवराव तर हात टेकून बसले.

"मी आहे ना!" म्हटलं, आणि गेलो मॅकी साहेबाकडे. एस्प्लनेडला ऑफिसच्या माडीवर मोठा हॉल होता. श्यामलानं लिहून दिलेला अर्ज पुढे ठेवला. साहेब बराच वेळ बोलला. मी मधूनमधून फाईन म्हणत गेलो. हॉल मिळाला! वर साहेब आणि मडम स्वतः येणार! सदाशिवरावांनी मला मिठीच मारली.

बुवांनी पूर्वरंग असा रंगवला, की मडमही मान डोलवू लागली. निरूपण संपलं. आता आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मध्यंतरी बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, थोडं भजन, आणि मग खरं आख्यान. त्या दिवशी सुदामचरित्र होतं. मी मोठ्या तोऱ्यात उठून बुवांच्या गळ्यात हार घातला.

साहेबाच्या सभांत मात्र हार म्हणजे शेवट! तो ताडकन उठला, टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं.

"फाईन, सर!"

साहेब हसला, दरवानाला खूण केली आणि मडमेला घेऊन मोटारीकडे गेला. फटाफट दिवे बंद!

"चलिए बाबू, ताला लगेगा. साहब का हुकुम है."

पेटी, तबला, बुवा आणि आम्ही सगळे फुटपाथवर! आणि सुदामा? तो बिचारा अजून घरातून निघालाही नव्हता!

"साहेबानं विचारलं काय?" सदाशिवराव कडाडले.

"असेल काहीतरी..."

"कार्यक्रम संपला, आता कुलूप लावू का, असं विचारलं," मॅट्रिक झालेली श्यामला म्हणाली. "आणि यांनी आनंदानं होकार दिला!"

मला धरणी पोटात घेईना, कारण तिथं फरसबंदी होती. मी बुवांचे पाय धरले.

"उठा," बुवा म्हणाले. "आरती झाल्यावाचून मी वीणा उतरवत नाही. सुदाम्याला द्वारकेच्या दरवानानं अडवलंच होतं. चला, तिथूनच सुरू करू!"

आणि दिव्याच्या खांबाखाली काय आख्यान झालं म्हणता! जाणारे-येणारे बंगाली बाबू "की होच्चे? कीर्तोन?" म्हणत चपला काढून फुटपाथवर बसले. ट्रामवाला ट्राम थांबवून तालावर घंटा ठोकू लागला.

"भगवंताला सहस्र नामं," बुवा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि आमच्या या गृहस्थांना एकच!"

सगळा फुटपाथ हसला. मीही हसलो, आणि कृष्णानं सुदाम्याला मिठी मारली तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा रडलो.

आरतीच्या वेळी मी मनाशी ठरवलं, यापुढे आधी ऐकायचं, मग बोलायचं!

दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. मी कान टवकारून उभा राहिलो. साहेब खुशीत होता. म्हणाला, "काल काय छान आटोपशीर कार्यक्रम झाला! पुढल्या वर्षीही हॉल देतो, पण एवढाच वेळ हं. चालेल ना?"

ऐकलं! शब्दन् शब्द ऐकला! अर्थही लागला! "नाही सर, यंदाचा अर्धाच झाला," हे वाक्य मनात मराठीत अगदी तयारही झालं.

पण ते इंग्रजीत म्हणायला माझ्याजवळ होतं काय? जे होतं, ते म्हटलं.