मी पुरलेला इतिहास

इतिहास जमिनीतून वर काढणारे जगात हजारो झाले. इतिहास जमिनीत घालणारा, तोही भर दुपारी दोन वाजता, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मदतीने, असा मी एकटाच! नाव हौसेराव. मूळ गाव साताऱ्याकडचं, पोट भरलं पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, आणि नव्वद साली रिटायर झाल्यापासून मुक्काम नेरूळ, समाधान सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

रिटायर झाल्यावर लोक पोथ्या वाचतात. मी वाशीच्या रद्दीवाल्याकडून जगाचा इतिहास आणला. साडेसहा किलो! रोज सकाळी त्यातलं अर्धं पान वाचायचं, त्यात आपला थोडा मीठमसाला घालायचा, आणि अकरा वाजता गेटजवळच्या बदामाखाली जाऊन कुणाला तरी ऐकवायचं. सकाळी अकराला बदामाखाली ऐकायला असणार कोण? एकटी राहीबाई. करावे गावातली. गेटच्या कोपऱ्यावर पाटी मांडून मासळी विकायची. बोंबील, मांदेली, आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा. चांगला बांगडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची आणि वर माझा इतिहासही ऐकून घ्यायची. एवढी माया सख्खी बहीणसुद्धा करत नाही.

"राहीबाई, इजिप्तमध्ये मांजर मेलं की त्याला कपड्यात गुंडाळून, मसाले लावून पुरायचे. हजारोंनी सापडली!"

"मसाला मांजराला?" राहीबाईनं पाटीवरची मांजर हाकलली. "ही मेली जित्तेपनीच मसाला मागते."

"आणि चीनमध्ये, राहीबाई, शेतकरी विहीर खणत होते. खणता खणता काय निघालं? मातीचे शिपाई! हजारो! अख्खं सैन्य!"

राहीबाईनं सुरी थांबवली. "मंग पानी लागला का?"

मी साडेसहा किलो इतिहास उलटापालटा केला. पाणी लागलं की नाही, कुणीही लिहिलेलं नाही!

असं सगळं सुखात चाललं असताना, आमचा सेक्रेटरी रणजीत निंबाळकर यानं मारुती घेतली. पांढरी. घेतल्या दिवसापासून तो तिला अशा नजरेनं बघायचा, जणू नवरी सासरी आली आहे आणि तिला बसायला पाट नाही! दोन दिवसांत बोर्डावर नोटीस लागली : 'गेटजवळील कोपऱ्यावर पार्किंगची शेड बांधण्यात येईल. सोमवारी खड्डे घेण्यात येतील. मासळी विक्रेतीने जागा रिकामी करावी.'

मी राहीबाईला नोटीस वाचून दाखवली. तिनं एक पापलेट उगाच तीनदा धुतला.

"दादा," ती शेवटी म्हणाली, "तुमची बिल्डिंग नव्हती तवा इथं आमचा मिठागर व्हता. माझे सासऱ्याचा. बिल्डिंग झाली, मी म्हटला जाऊ दे, कोपरा तरी हाय. आता कोपऱ्यान पन गारी बसवनार? गारीला काय उन्ह लागतंय?"

तिनं त्या दिवशीही बांगडा दिला. घरी नेला, पण घशाखाली उतरेना. काट्यामुळे नव्हे!

रात्रभर विचार केला आणि सकाळी मला तो दगड आठवला. म्हणजे पुस्तकातला. इजिप्तमध्ये रशीद नावाच्या गावात फ्रेंच शिपाई किल्ल्याचं काम करत होते. भिंतीत एक दगड सापडला. दगडावर तीन लिप्या! काम राहिलं बाजूला, दगड जगप्रसिद्ध झाला. बास! जुनी वस्तू सापडली की खोदकाम बंद, हा साऱ्या जगाचा कायदा! मग आमच्या कोपऱ्यात एखादी का सापडू नये? आणि सापडत नसेल, तर ठेवायला कितीसा वेळ लागतो?

वस्तू घरातच होती. आमच्या हिचा, मालतीचा, माहेराहून आलेला पाटा. काळाकुळकुळीत, लांबट, आणि त्याला दिवाळीच्या तोंडावर टाकी लावलेली. टाकीवाल्या बाईनं छिन्नीनं असे सुरेख टोचे मारले होते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणा राजानं शिलालेख कोरला आहे. दिवाळीला लेकीनं मिक्सर दिल्यापासून तो बाल्कनीत कुंडीमागे पडून होता. हिला काही तो आठवणारही नाही, असं मला वाटलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी माणूस किती चुकीचं वाटून घेऊ शकतो, बघा!

गुपचूप कामं रात्री करतात, हा अडाणीपणा आहे. आमच्या सोसायटीत रात्री बारालाही कुणीतरी गच्चीवर फेऱ्या मारत असतं. पण दुपारी दोन ते चार? कावळाही घोरतो! रविवारी दोन वाजता मी पाटा बाजाराच्या पिशवीत घातला आणि एकेक पायरी ठेवत, उचलत, देवाचं नाव घेत निघालो. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. रणजीत!

"काका, एवढं काय नेताय?"

"रद्दी!"

"द्या इकडं. या वयात कशाला?" त्यानं पिशवी उचलली आणि त्याचे डोळे कपाळात गेले. "बाप रे! कसली रद्दी आहे ही?"

"इतिहासाची. जड असतो तो!"

बिचाऱ्यानं घामाघूम होऊन पिशवी कोपऱ्यापर्यंत आणून दिली आणि वर "टेन्शन नको काका, केव्हाही सांगा" म्हणून झोपायला गेला. त्याची पाठ वळताच मी उद्याच्या खड्ड्याच्या जागी खुरप्यानं माती उकरून पाटा पुरला. पोरगा मनानं वाईट नाही हो. फक्त गाडी घेतली त्यानं!

सोमवारी खड्डा सुरू झाला. अर्ध्या तासात पहार वाजली. ठण्ण! मी बदामाखालून असा धावलो, की शाळेत शंभर यार्डांत मला कधीच न मिळालेला पहिला नंबर तिथं मिळाला असता.

"थांबा! हात लावू नका! लिपी आहे ही!"

"कुठली लिपी?" रणजीत वाकला.

"तुला वाचता येते का?"

"नाही."

"मलाही येत नाही. म्हणजे किती जुनी असेल, विचार कर!"

एवढ्यावर ऐकेल तो सेक्रेटरी कसला? त्यानं पलीकडच्या बिल्डिंगमधून करीम मास्तरांना बोलावून आणलं. करीम मास्तर मूळचे उरणकडचे, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेले, माझे संध्याकाळचे मित्र. खऱ्या इतिहासाचा माणूस येतोय म्हटल्यावर मी दोन पावलं मागे सरकलो.

मास्तर उकिडवे बसले. रुमालानं दगड पुसला. चष्मा वर केला. मग वाकून त्यांनी दगडाचा वास घेतला. हळद, लसूण, सुकं खोबरं! त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"दगड वापरातला आहे," मास्तर म्हणाले. "पुष्कळ वर्षांच्या वापरातला. यावर स्त्रियांचा हात फिरलेला आहे. याला उभा करू नका, जसा सापडला तसा आडवाच राहू द्या. आणि वरच्या बाजूला काही फासू नका. इथलं काम तूर्त थांबवा."

एक शब्द खोटा नाही! शिकलेला माणूस खोटं न बोलता कसा मदतीला येतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. शेड रद्द! राहीबाईची पाटी जागच्या जागी! मी घरी जाऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

मंगळवारी सकाळी दगडावर एक जास्वंद होतं. वाटलं, उडून आलं असेल. दुपारी कडेला हळदकुंकू होतं. हळदकुंकू उडून येत नाही! बुधवारी चार विटा, शेंदूर आणि नारळ. मास्तरांचा शब्द म्हणून वरची बाजू तेवढी सगळ्यांनी स्वच्छ ठेवली होती. रणजीत नाइलाजानं, चारचौघांत बरं दिसावं म्हणून हात जोडून आला, आणि त्याच दुपारी त्याच्याकडे लाईनमन आला. सहा वर्षांपूर्वी अर्ज केलेला टेलिफोन लागला! सहा वर्षं! नवस बोलला असता तरी इतका पटकन लागला नसता. संध्याकाळी रणजीत सोवळं नेसून खाली आला. गुरुवारी बोर्डावर नवी नोटीस लागली : 'देवस्थानाजवळ मासळी विक्रीस सक्त मनाई.'

मी ती चार वेळा वाचली. ज्या बाईचा कोपरा वाचवायला मी हा उपद्व्याप केला, तिलाच माझा पाटा उठवत होता!

तसाच रणजीतकडे गेलो. "हे बघ, तो देव नाही. पाटा आहे! मीच पुरला!"

"तुम्ही?" रणजीतचे डोळे भरून आले. त्यानं आत बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस का? काकांना दृष्टांत झाला!"

"दृष्टांत नाही रे! पिशवीतून नेला! तूच तर उचललास!"

"मी उचलला..." तो पुटपुटला. "म्हणजे देव माझ्या हातून खाली आला..." आणि माझ्या पाया पडला!

मंडळी, जन्मभर थापा मारल्या, लोकांनी हसून सोडून दिल्या. एकदाच खरं बोललो, तर लोक माझी आरती करायला निघाले!

शुक्रवारी राहीबाई आली. पाटी डोक्यावर तशीच. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.  ती इतकी हसली, की पाटीतल्या कोळंब्या हलल्या.

"माझेसाठी तुमी बायकोचा पाटा पुरला?"

"हो."

"तुमच्या थापा मना बऱ्या वाटतात दादा, पन अर्ध्यावर सोरता तुमी. आता गप ऱ्हावा."

ती सरळ आरतीच्या गर्दीत घुसली. पाटी खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला, आणि केळीच्या पानावर एक सुका बोंबील दगडासमोर ठेवला. टाळ्या थांबल्या. घंटी थांबली.

"अहो बाई!" रणजीत किंचाळला. "देवाला मासळी?"

"कोनचा देव हाय ह्यो, सांगा."

कुणालाच माहीत नव्हतं.

"तुमचा देव, आनि तुमाला त्याचा नाव नाय म्हाईत! इथं मिठागर व्हता माझे सासऱ्याचा. बांधावर ज्यो दगर असतो, त्याला आमी बोंबील देतो. नाय दिला तं..." ती थांबली. रणजीतकडे वळली. "नाय दिला तं त्यो दिलेला परत नेतो."

रणजीत पांढरा पडला. मारुतीपेक्षा पांढरा! आणि सोवळं सावरत जिन्यानं वर पळाला. मिनिटभरानं वरून आवाज आला :

"फोन डेड आहे!"

आता त्या वर्षांत नेरूळचे फोन दिवसातून दोनदा डेड व्हायचे, देव असो वा नसो. पण हे त्या क्षणी सांगायला मी काय वेडा होतो?

रणजीत धापा टाकत खाली आला आणि गर्दीच्या कडेला उभ्या मास्तरांकडे वळला. "करीम मास्तर, तुम्ही सांगा! देवाला मासळी चालते?"

मास्तरांनी घसा साफ केला. "इराकमध्ये एरिडू नावाची जागा आहे. तिथल्या सहा-सात हजार वर्षांपूर्वीच्या देवळात खोदकाम झालं. वेदीपाशी काय सापडलं? माशांची हाडं. ढिगांनी!"

"आयला!" मीच ओरडलो. माझ्या साडेसहा किलोत हे नव्हतं!

त्या संध्याकाळी फोन आपोआप सुरू झाला. शनिवारी तिसरी नोटीस लागली : 'देवाच्या नैवेद्याची सोय राहावी म्हणून राहीबाईंनी कोपऱ्यावर रोज न चुकता बसावे. गैरहजेरी चालणार नाही.' राहीबाईनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मला दोन बांगडे दिले.

विजयी वीरासारखा मी घरी गेलो. मालतीनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "कालवण कसं झालंय?"

"झकास!"

"खोटं. वाटण जाडंभरडं आहे. मिक्सरवर असंच होतं." ती उठली, बाल्कनीत गेली, आणि येऊन तिनं माझ्या ताटाशेजारी वरवंटा ठेवला. एकटा. विधुरासारखा! "मंगळवारीच ओळखला मी. माझ्या आईच्या घरचा पाटा मी मातीतून ओळखणार नाही होय? पहिलं जास्वंद मीच वाहिलं. म्हटलं, माहेरचं माणूस उघड्यावर पडलंय, निदान एक फूल तरी!"

"म्हणजे हे सगळं तुझ्या फुलापासून..."

"ते राहू द्या. पाटा आता वर आणता येत नाही. राहीबाईचं पोट आहे त्याच्यावर. पण वाटण मला पाट्यावरचंच लागतं. तेव्हा उद्यापासून रोज दुपारी दोनला, सगळे झोपले की, हा वरवंटा घ्यायचा, खोबरं-लसूण-मिरची घ्यायची, खाली जायचं, दगड धुवायचा आणि वाटून आणायचं. तुम्ही!"

तेव्हापासून मी रोज दुपारी दोनला त्या कोपऱ्यात उकिडवा बसून वाटतो. गुपचूप! पण तिसऱ्याच दिवशी रणजीतनं खिडकीतून बघितलं. 'काका भर उन्हात देवाची सेवा करतात' म्हणून सोसायटीभर झालं, आणि चौथ्या दिवशी माझ्यामागे अकरा माणसं वाट्या घेऊन उभी! अर्धं वाटण प्रसादातच संपतं. आणि परवा रणजीतनं बोट चाटलं, डोळे मिटले, हात जोडले आणि अत्यंत भक्तिभावानं म्हणाला,

"काका, मीठ जरा कमी आहे."